डॉक्टरांची न धरलेली नोंद

वहिनी, डॉक्टरांच्या घरची सगळी मंडळी, आणि हिर्डोशीहून, पालीहून, गुंजवण्याहून कामधाम टाकून आलेले तुम्ही सगळे, नमस्कार करते.

मी सुनंदा. भोरला बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. इथल्या निम्म्या लोकांचे सातबारे माझ्या हातून गेलेत, त्यामुळे ओळख द्यायची गरज नाही. दुकानात मला कुणी गप्प बसलेली पाहिलेली नाही. आज मात्र नाव पुकारल्यावर उठवेना. काय बोलायचं? विलास डॉक्टर गेले, हे वाक्य बोलायला अजून जीभ वळत नाही. चार दिवसांपूर्वी दुकानात फोन वाजला तर सवयीनं म्हटलं, डॉक्टरांचाच असणार.

माझ्या आधी बोलले त्यांनी जनावरांचे डॉक्टर सांगितले. कुणाची गाय अडली होती, कुणाच्या म्हशीनं चारा सोडला होता, ओढ्याला पाणी असताना डॉक्टर गाडी अलीकडे लावून चालत कसे आले. सगळं खरं. ते निम्मे डॉक्टर झाले. माझ्या वाट्याला उरलेले निम्मे आलेत. पाखरांचे.

हिर्डोशीची एसटी सुटायच्या आत मी आवरते. मागे बसलेले एक बाबा घड्याळाकडे बघतायत, मला दिसतंय. हसा, हसा. वहिनींनी सकाळीच मला बजावलंय, सुनंदा, लोकांना रडवू नकोस, त्यांना लांब घरी जायचंय.

तर मंडळी, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भोर आणि वेल्ह्याच्या पक्षी बघणाऱ्यांचा आमचा एक मोबाईलवरचा ग्रुप आहे. त्यात शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, एक सोनार आहे, मी आहे. कुणाला नेहमीचा नसलेला पक्षी दिसला की तो ग्रुपवर टाकतो. कुठं दिसला, कधी दिसला, कसा होता. मग तो खरंच तोच होता का, हे एक माणूस तपासतो. पटलं तर आम्ही म्हणतो, नोंद धरली. धरलेल्या नोंदी पुण्याच्या मोठ्या मंडळींकडे जातात. आपल्या तालुक्यात अमुक पक्षी येतो, हे मग पक्कं होतं. ते तपासणारे म्हणजे डॉक्टर. ग्रुप निघाला तेव्हापासून डॉक्टरच.

आता तुम्हाला वाटेल, पाखरू दिसलं, सांगितलं, झालं. त्यात तपासायचं काय? अहो, दुर्मिळ पक्षी दिसलेल्या माणसाला तुम्ही पाहिलंय का? जेवण गोड लागत नाही त्याला. आपल्या तालुक्यात हा पहिला, आणि तो मला दिसला! मग कुणी नुसतं विचारलं, नक्की का हो, की भांडणच. आमच्या ग्रुपमधले दोघे एका बदकावरून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. दोघे आज एकाच ओळीत बसलेत, नाव घेत नाही.

डॉक्टर फोन करायचे. आणि त्यांचा एक नियम होता. पक्ष्याचं नाव शेवटी सांगायचं. आपण उत्साहानं सुरुवात करावी, डॉक्टर, मला अमुक दिसला, की ते मध्येच तोडायचे.

"नाव ठेव खिशात. दिसलं काय, ते बोल. चोच कशी व्हती? बसला कुठं? उडाला कसा?"

मी एकदा चिडून म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही काय पोलीस आहात का?"

तर म्हणाले, "न्हाई गं. मी जनावरांचा डॉक्टर. मालक आला की पहिलंच सांगतो, डॉक्टर, हिला विषबाधा झालीय. म्या म्हन्तो, ते ऱ्हाऊ दे, ती खाती काय, बसती कशी ते सांग. रोगाचं नाव म्या घालीन."

हाच माणूस, हीच रीत, गोठ्यात आणि माळावर.

आणि फोन नुसता बघणाऱ्याला नसायचा. गुंजवण्याला एका खाचरात रंगीत पाणलावा उतरला होता. भाताच्या पाण्यात लपून राहणारा पक्षी, सहसा दिसत नाही. ज्याला दिसला त्यानं लगेच फोटो टाकला, पण डॉक्टरांनी त्याला जागा सांगू दिली नाही. आधी शेताच्या मालकांना फोन केला. ते काका इथं आलेत. काका, तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतंय ना? डॉक्टर म्हणाले, "तुमच्या खाचरात पाव्हना आलाय, चार लोकं बांधावरनं बघू द्याल का?" आणि काका म्हणाले, "येऊ द्या की. पर भात तुडवलं तर पाव्हना ऱ्हाईल आन् लोकं जातील." मग आम्ही सगळे बांधावर ओळीनं उभे, बूट हातात घेऊन, आणि काका आमच्यामागे काठी घेऊन. पाणलावा दिसला, आणि काकींनी चहापण दिला. आजही गुंजवण्यात आम्हाला कुणी हुसकावत नाही, ते डॉक्टरांच्या त्या फोनमुळे.

आता देवराईची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मी खाली बसले तर गायकवाड सर मला घरी जाऊ देणार नाहीत. सर, सांगू ना? मान हलवतायत.

गायकवाड सर म्हणजे आमचे निवृत्त मुख्याध्यापक, डॉक्टरांचे जिवलग दोस्त. दोघांचाही जीव एका पक्ष्यात अडकलेला. मलबारी कर्णा. पोटाला लालभडक, दाट झाडीत एका जागी चिकटून बसतो, दिसणं महाकठीण. आपल्याकडे असावा असं दोघांनाही वाटायचं, पण सापडत नव्हता. अशा पक्ष्यासाठी लोक काय करतात, तर त्याचा आवाज मोबाईलवर वाजवतात. पक्षी असला तर उत्तर देतो.

फाल्गुनात एका सकाळी डॉक्टर हिर्डोशीच्या वरच्या देवराईत खालच्या अंगानं शिरले. दगडाआड बसले. मोबाईल काढला, आवाज लावला. जरा वेळानं वरून उत्तर आलं! डॉक्टरांच्या अंगावर काटा. पुन्हा लावला. पुन्हा उत्तर, आता जवळून. डॉक्टर तर म्हणे श्वास धरून बसले. पुढं जाऊन पक्ष्याला उठवायचं नाही, म्हणून तिथूनच ग्रुपवर टाकलं, हिर्डोशी देवराई, मलबारी कर्णा, हाकेला सारखा ओ देतोय.

आणि थोड्याच वेळात गायकवाड सरांचा निरोप आला. देवराईच्या वरच्या अंगानं. मलबारी कर्णा. हाकेला सारखा ओ देतोय.

अहो, ग्रुप नुसता पेटला! दोन माणसं, दोन बाजू, एकमेकांना न सांगता गेलेली, आणि दोघांना तोच पक्षी. याहून भक्कम पुरावा कोणता? मी दुकानाचं शटर ओढलं. पुण्याहून दोन गाड्या निघाल्यासुद्धा. आम्ही टेम्पोनं हिर्डोशीला पोचलो तर डॉक्टर आणि सर चहाच्या टपरीवर एकमेकांना टाळ्या देतायत. सर रंगात येऊन सांगतायत, मी हाक दिली की तो ओ द्यायचा, मी थांबलो की मग तोच हाक द्यायचा, इतका माणसाळलेला कर्णा मी पाहिला नाही.

आणि डॉक्टरांचा हात हवेतच थांबला. मी समोर होते. त्यांनी हळूच कप खाली ठेवला.

"सर," म्हणाले, "तुमी हाक दिली, म्हंजे मोबाईल लावला व्हता का?"

"अर्थात. तुम्ही?"

डॉक्टरांनी आपला मोबाईल वर करून दाखवला. आधी खांदे हलायला लागले, मग पोट, मग बाकडं. टपरीवाल्याला वाटलं ठसका लागला, तो पाणी घेऊन धावला. सरांच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. पडला तेव्हा त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली.

मंडळी, आता विचार करा. गाड्या निघालेल्या. पंचक्रोशीत बभ्रा झालेला. तपासणारा माणूसच चुकलेला. दुसरा कुणी असता तर काय म्हणाला असता? पक्षी होता हो, आमच्या आवाजानं उडाला. कोण खोटं पाडणार होतं? डॉक्टरांनी तिथंच, हसून डोळ्यांतलं पाणी पुसत, ग्रुपवर लिहिलं, देवराईतला कर्णा सापडला आहे. खालच्या बाजूचा मी, वरच्या बाजूचा गायकवाड सर. नोंद मागे घेत आहे.

पुण्याच्या गाड्या आल्या त्या लोकांनी आधी तोंडं वाकडी केली, मग तेही हसायला लागले. आणि मी त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं की या दोघांना भोरला परत गेल्यावर मिसळ, ग्रुपतर्फे. तेव्हापासून आमच्यात रीत पडली. ज्याची नोंद धरली जाते त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. आणि जो स्वतःहून नोंद मागे घेतो, त्याला सगळ्यांनी मिळून मिसळ खिलवायची. मिसळ चहापेक्षा मोठी, हे लक्षात घ्या. त्या रीतीमुळे आमच्यातली भांडणं मिटली. चुकलो म्हणायला माणसं घाबरेनाशी झाली. ते बदकवाले दोघेही एका टेबलावर आले. आणि पक्ष्यांचे आवाज मोबाईलवर वाजवायचे ते आमच्या ग्रुपनं कायमचं बंद केलं. हिर्डोशीतली पोरं मात्र पुढं कितीतरी दिवस डॉक्टरांची गाडी दिसली की कर्ण्यासारखी शीळ घालायची, आणि डॉक्टर गाडी थांबवून शिळेनंच उत्तर द्यायचे.

आता पुढचं सांगते. हे सांगायलाच खरं तर मी उभी राहिलेय.

डॉक्टर आजारी पडले तेव्हा त्यांनी तपासणीचं काम माझ्याकडे दिलं. मी नको म्हणत होते. म्हटलं, मला नाही जमणार लोकांना नाही म्हणायला. तर म्हणाले, "उधारीला न्हाई म्हन्तीस की रोज. तसंच हाय."

मग दिवाळी झाली, भातं निघाली. डॉक्टरांचं फिरणं बंद झालेलं. दुपारचं ऊन अंगावर यावं म्हणून वहिनी त्यांना गच्चीवर खाटेवर बसवायच्या. उशाला दुर्बीण. आणि एका दुपारी फोन आला. आवाज बारीक झाला होता, पण त्यात ते जुनं काहीतरी होतं. आणि नियम पाळला त्यांनी. नाव घेतलं नाही.

"लिव्हून घे. घराच्या मागं, कापलेल्या खाचरांवर. लहान ससाणा. पंख टोकदार. अंग गडद राखी. पंखाखाली पुढं पांढरं. चतुर किडे पकडून उडता उडताच खात व्हता."

मला नाव कळलं. कळायचंच. अमूर ससाणा. फार लांबून, चीनच्याही वरून निघतो आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातो. वाटेत थोडे दिवस आपल्या डोक्यावरून पुढं सरकतो. इतरांना दुसरीकडे दिसला होता, पण भोर-वेल्ह्यातून आमच्याकडे एकही नोंद नव्हती. दर वर्षी या दिवसांत डॉक्टर पालीच्या अंगाच्या माळावर मान वर करून उभे असायचे. कर्णा सोडला तर या माणसाला आयुष्यात एक पक्षी हवा होता, तो हा. आणि तो गच्चीवर चालून आला होता.

मी काय करायला हवं होतं? तुम्ही सांगा.

मी विचारलं, "डॉक्टर, फोटो?" त्यांना आता मोबाईल नीट धरवत नव्हता, निघाला नाही. "आणखी कुणी पाहिला?" वहिनी शेजारी होत्या. वहिनींना फोन दिला. वहिनी म्हणाल्या, "मला नीट दिसलं नाही बाई." मग मी ते विचारलं जे विचारायला मला जड जात होतं. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि मला ते ठाऊक होतं. "डॉक्टर, कापशी घार तर नव्हती? तिच्याही पंखाखाली पांढरं, तीही खाचरांवरच असते."

"कापशी मला कळत न्हाई व्हय?"

"कळते. पण नव्हती का?"

"वाटत न्हाई."

"वाटत नाही, की नव्हती?"

हा प्रश्न त्यांचा होता. प्रत्येकाला विचारलेला. दुर्बीण खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "वाटत न्हाई."

आम्ही सगळे पाठोपाठ त्या खाचरांवर जाऊन उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. कापशी दिसली. ससाणा नाही. ग्रुपवर लोक मला म्हणायला लागले, धर ना नोंद, डॉक्टर आहेत ते. गायकवाड सर दुकानात येऊन बसले. म्हणाले, "सुनंदा, लिहून टाक. कुणाचं काय जातंय?" मला रडू आलं. कारण खरंच कुणाचं काहीच जात नव्हतं.

मी घरी गेले. डॉक्टर खाटेवर. मी नुसती बसले, इकडचं तिकडचं बोलत. त्यांनीच विचारलं, "नोंदीचं काय केलंस?"

मी म्हटलं, "डॉक्टर, नाही धरली."

वहिनी उठून आत निघून गेल्या. भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला. वहिनी, खरं ना? डॉक्टर मात्र माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर ते टपरीवरचं हसू आलं, तेवढं मोठं नाही, पण तेच.

"झ्याक केलंस," म्हणाले. "म्याबी धरली नसती."

मी म्हटलं, "मग मागे घेताय ना? मिसळ पाठवते."

तर मान हलवली. "मागं कशापायी घिऊ? म्या पाह्यलाय त्यो. तू धरू नको, म्या सोडत न्हाई. दोगंबी बराबर हाओत." आणि जरा थांबून म्हणाले, "तू दया करून धरली असतीस, तर त्यो ससाणा तुमच्या दयेचा झाला असता. आता त्यो माझा हाय."

मंडळी, इतका समाधानी आजारी माणूस मी पाहिलेला नाही. त्यानंतर मी गेले की ते विचारायचे, आज कोण काय खोटं बोललं गं ग्रुपवर? आणि आम्ही दोघं हसत बसायचो. असेच दिवस गेले, आणि चांगले गेले.

डॉक्टर गेल्यापासून पुन्हा फोन येतायत. आता तरी त्यांचा अमूर ससाणा यादीत घाला, श्रद्धांजली म्हणून. आज सभेत तसं जाहीर करा, असंही काहींनी सुचवलं. बोलणाऱ्यांची माया मला कळते. काल तर मीही डगमगले. म्हटलं, वहिनींना विचारावं. त्या हो म्हणाल्या तर लिहून टाकू. म्हणून आज सकाळी मी घरी गेले.

वहिनी म्हणाल्या, "नको घालू. ते म्हणाले ना नको, मग नको."

मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही खाटेला लागूनच उभ्या होतात. थोडंसुद्धा नाही दिसलं? रंग? पंख?"

वहिनी म्हणाल्या, "ते मला बोटानं दाखवत होते गं. बघ, बघ, म्हणत होते. पण मी वर बघितलंच नाही. कितीतरी महिन्यांनी ते असे हसत होते. मी त्यांच्याच तोंडाकडे बघत होते."

म्हणून सांगते मंडळी, ससाण्याची नोंद मी धरलेली नाही आणि धरणार नाही. यादीत ती जागा मोकळी राहील. पण त्या दुपारी गच्चीवर विलास डॉक्टर आनंदात होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते वहिनींनी डोळे भरून पाहिलंय.

आता आपण सगळे शांत उभे राहू. वहिनी, तुम्ही बसूनच राहा. मिनिटं मोजायला घड्याळ कुणी लावू नका. वहिनी मान वर करतील, तेव्हा आपण खाली बसू.